लॉ कॉलेजातला कायमचा आरोपी

मी आजवर शेळ्या चोरल्या, सायकली किती चोरल्या ते आठवत नाही, एकदा शेजाऱ्याच्या विहिरीवरची मोटार उचलून नेली आणि एका वर्षी तर सख्ख्या चुलत्याला भज्यातनं विष घातलं. हे सगळे गुन्हे मी सोलापुरातल्या एका लॉ कॉलेजात शिपाई असताना केले, आणि प्रत्येक गुन्ह्याला प्राचार्यांची परवानगी होती.

नोकरीबद्दल लिहा म्हणून या अंकाच्या संपादक बाई मागं लागल्या. मी म्हटलं, बाई, मी सातवी नापास. त्या म्हणाल्या, तुम्ही लिहा, शुद्धलेखन आम्ही बघतो. तर शुद्धलेखन त्यांनी बघितलंय, बाकीचं माझं आहे. कुणाला खुपलं तर माझ्याकडं यावं, बाईंना छळू नये.

शिपायाचं काम बाहेरच्याला सोपं वाटतं. घंटा द्यायची, कुलपं उघडायची, पाणी भरायचं. ते तर कुणीही करील. खरं काम म्हणजे कुठल्या सरांचं कुणाशी वाजलंय हे ओळखून मिटिंगमध्ये खुर्च्या मांडायच्या. आणि आमच्या कॉलेजात दुसरं खरं काम म्हणजे पहिल्या सेमिस्टरची पोरं सांभाळायची.

पहिल्या सेमिस्टरचं पोरगं म्हणजे वकिलीतलं न उमललेलं बोंड. कॉलेज उघडून आठवडा होत नाही तोवर काळा कोट शिवून आणतात. त्या कोटाचं खरं काम लई पुढं पडतं. पण आपल्याकडं पाऊस असला तरी उकडतं, आणि ही पोरं कँटीनच्या तापल्या पत्र्याखाली कोट घालून घाम गाळत बसतात. वैरागचा एक जण कोट घालूनच एस.टी.नं गावाकडं गेला. घरी पोचेपर्यंत त्याच्या मागं बांधाची दोन भांडणं आणि एक सोडचिठ्ठी लागली. सोमवारी मला विचारतोय, "मामा, बांध कोरला तर कुठलं कलम लागतंय ओ?" मी म्हटलं, "आधी कोट काढ. मग तुला कुठलंच कलम लागत न्हाय."

कॉलेजात मला सगळे मामाच म्हणायचे. प्राचार्यसुद्धा.

आता गुन्ह्यांचं सांगतो. लॉ कॉलेजात खोटं-खोटं कोर्ट भरवतात, त्याला अभिरूप न्यायालय म्हणतात. बाकी ठिकाणी ते मोठ्या वर्गांना असतं. आमच्या फौजदारीच्या देशमाने सरांचं मत असं की पोहायला शिकवायचं तर आधी ढकलून द्यावं. म्हणून ते पहिल्या सेमिस्टरलाच एक खटला लावायचे. स्वतः न्यायाधीश होऊन बसायचे. अर्धी पोरं सरकारची, अर्धी आरोपीची. आरोपी म्हणून आधी एखादं पोरगंच उभं करायचे, पण ते हसायचं तरी नाहीतर मैत्रिणीचं नाव निघालं की लाजायचं तरी. एका वर्षी आरोपी आलाच नाही. मी पाण्याची घागर घेऊन चाललो होतो. सर म्हणाले, "मामा, जरा पिंजऱ्यात उभं राहा." जुन्या बाकांच्या फळ्या ठोकून पिंजरा केलेला. मी घागर ठेवली आणि उभा राहिलो, तो निवृत्त होईपर्यंत उभाच.

खऱ्या कोर्टात आरोपीला असं कुणी उलटंसुलटं विचारत नाही. तो आपणहून साक्षीला उभा राहतो म्हणाला तरच. सर म्हणायचे, आमचा आरोपी आपणहूनच उभा राहतो, त्याला बसायला खुर्चीच नाही.

उलटतपासणी म्हणजे काय, ते मला ऐकून ऐकून कळलंय तेवढं सांगतो. प्रश्न असा घट्ट विचारायचा की समोरच्याला व्हय किंवा न्हाय एवढीच जागा राहावी. जास्त जागा ठेवली की तो त्यातनं पळतो. पहिल्या सेमिस्टरची पोरं मला गुरं बाहेर पडतील एवढी जागा ठेवायची. एक जण कोट सावरत म्हणाला, "त्या रात्री अंधार होता, हे खरं आहे का?"

"रात्री अंधारच असतोय की. तुमच्या गल्लीत कसं असतंय?"

दुसरा लई तयारी करून आलेला. "तुम्ही चोरी केली नाही हे तुमचं म्हणणं खोटं नाही असं म्हणणं बरोबर होणार नाही, बरोबर ना?"

मी सरांकडं बघितलं. सर टेबलाखाली वाकून चप्पल शोधायला लागले. मी म्हटलं, "साहेब, मला कळलं न्हाय. तुमाला कळलं असंल तर तुमीच उत्तर द्या, मी सही करतो."

पोरांना वाटायचं, मामा लई हजरजबाबी. मामा कसला हजरजबाबी! माझी तयारी घरी व्हायची. माझी बायको सुला विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, हातात पान. हात चालायचे आणि तोंड मोकळं असायचं. पहिल्या खटल्याचं मी घरी सांगितलं तर म्हणाली, "काय चोरलंय म्हणत्यात?"

"शेळी."

"पांढरी का काळी?"

"मला काय म्हाईत, मी चोरलीच न्हाय."

"हां. असंच म्हणा." मग तिनं माझ्यापुढं चहा ठेवला, पोरीच्या सासरचं बोलली, भाजीचं बोलली, आणि मधेच म्हणाली, "मग इकली कुटं?"

"मंगळवार बाजारात," मी म्हणून गेलो.

सूप खाली ठेवून हसली बाई. तंबाखूनं शिंका येईस्तोवर हसली. "गेला तुमी आत," म्हणाली. "सरकारला जेवू घालायला सांगते."

तेव्हापासनं दरवर्षी खटल्याच्या आधी आठवडाभर माझी उलटतपासणी घरी चालायची. नुसती शेळीचीच नाही. पगार झाला तर सरळ घरी का आला नाही, कुणाबरोबर चहा पिला, तो हसला तर का हसला. ह्या बाईला कोट दिला असता तर जिल्ह्यातले निम्मे लोक तुरुंगात असते. मी म्हणायचो, चल की एकदा कॉलेजात बघायला. म्हणायची, "नवऱ्याला पिंजऱ्यात बघायला कोण बाई हौसंनं येती व्हय?"

तिनं मला एक वाक्य पाठ करून दिलं होतं. काहीही चोरलेलं असो, कधीही चोरलेलं असो, अडचण आली की म्हणायचं, "मी घरी होतो साहेब, बायको संगं होती." ह्याच्यापुढं पोरं गप व्हायची. नवराबायकोच्या मधे काय विचारायचं ते त्या वयात कळत नाही.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षाच्या आधीच्या थंडीत सुला वारली. दम्यानं. त्यावर मी लिहिणार नाही, बाईंनी सांगितलं तरी लिहिणार नाही.

लिहायचं ते नंतरचं. बायको गेलेल्या माणसाशी लोक आजाऱ्यासारखं बोलतात. कॉलेजात मी येताना दिसलो की हसणं बंद. क्लार्क माझ्या हातातनं फायली काढून घ्यायचा. घंटा उशिरा दिली तरी कुणी ओरडायचं नाही. एकदा मुद्दाम दहा मिनिटं उशिरा दिली, तर प्राचार्य बाहेर येऊन म्हणाले, "असू द्या मामा, सावकाश." घरी तर विचारायलाच कुणी नाही. मी कुठं गेलो, कधी आलो, चहा कुणाबरोबर पिला, कुणाला पडलेली नाही. एवढा मोकळा माणूस सोलापुरात दुसरा नसेल. मला ते मोकळेपण नको होतं.

त्या वर्षी पहिल्या सेमिस्टरला नाझिया नावाची मुलगी होती. वडील रफिकभाई, टेंपो चालवायचे, कारखान्यातनं चादरीच्या गाठी आणायच्या-पोचवायच्या. पोरगी लॉला लागली म्हणताना माणूस असा हरखला की दुसऱ्याच दिवशी टेंपोच्या मागं रंगवून घेतलं, "आमची नाझिया, वकील." पोरीचं अजून ओळखपत्र आलं नव्हतं. ती मला म्हणाली, "मामा, अब्बांना सांगा ओ काहीतरी. सिग्नलला पोलीस थांबवून विचारतोय, केस घेता का म्हणून." तिचा प्रवेश उशिरा झालेला. त्यामुळं माझ्या घरचं तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

खटला लागला. त्या वर्षी मी एका लग्नघरातनं जर्मनची पातेली चोरली होती. देशमाने सर आधी म्हणाले, "मामा, या वर्षी राहू द्या." मी म्हटलं, "का? चोर निवृत्त झाला व्हय?" आणि उभा राहिलो.

नाझिया सरकारी वकील. बाकीच्यांसारखी पाठ करून आली नव्हती. हळूहळू विचारत होती, लहान लहान. लग्नाचं आमंत्रण होतं का, व्हय. जेवायला गेला होता का, व्हय. भाताची पातेली मांडवाच्या मागं होती ना, व्हय. ही पोरगी जागा ठेवत नव्हती. पातेली गेली तेव्हा तुम्ही कुठं होता म्हणाली, आणि माझ्या तोंडातनं सवयीनं निघून गेलं, "मी घरी होतो साहेब, बायको संगं होती."

बोलल्यावर मला कळलं मी काय बोललो ते.

पण ती थांबली नाही. "मग बायकोला साक्षीला का आणलं नाही?"

मी पिंजऱ्याची फळी धरली.

"घरात बायको असती तर नवऱ्याला वाचवायला आली असती. आली नाही." मग ती सरांकडं वळली आणि हात वर करून म्हणाली, "कोर्टानं नोंद घ्यावी. ह्या आरोपीला बायकोच नाही!"

मागच्या बाकांवर टाळ्या पडल्या. पुढच्या बाकावर मोठ्या वर्गातली पोरं बसलेली, ती खाली बघायला लागली. सर उठले, "कोर्ट उठलं," म्हणाले, आणि मला धरून स्टाफरूममध्ये नेलं. जसं काही मला चक्करच आली होती.

व्हरांड्यात कुणीतरी नाझियाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती आली नाही, तिसऱ्या दिवशी नाही. मग क्लार्क म्हणाला, ॲडमिशन रद्द कशी करायची ते ती ऑफिसात विचारून गेली. मैत्रिणीला म्हणाली होती, "माणसाला असं रडवायचंच शिकायचं असंल तर मला नको हे." घरी सांगितलंय कॉलेजला सुट्टी आहे, आणि बापाचा टेंपो तर गावभर तिला वकील करत फिरतोय.

मी सरांकडं गेलो. "सर, तिला बोलवा."

"मी फोन केला होता मामा. ती उचलत नाही. आणि तुम्हाला तरी कशाला परत तो त्रास?"

तेव्हा माझं डोकं सटकलं. "मला तरास तुमी द्यायलाय," मी म्हटलं. "सगळे मिळून. ती पोरगी चांगलं घट्ट इचारत होती, मला कोपऱ्यात घातलं होतं, आणि तुमी मधीच कोर्ट उठवलं. सहा-सात महिन्यात मला कुणी धड एक प्रश्न इचारला न्हाय सर. अर्धवट ठिवलेली तपासणी पुरी करा."

सर चष्मा काढून पुसायला लागले. मी म्हटलं, "समन्स काढा."

"मामा, खोटं समन्स काढणं गुन्हा आहे."

"मग खरं काढा. आपल्या कोर्टाचं."

समन्स म्हणजे कोर्टाचं बोलावणं. अमक्या दिवशी हजर राहा, नाहीतर बघून घेऊ. सरांनी कागद तयार केला, वर ठळक लिहिलं, "अभिरूप न्यायालय," म्हणजे कुणाची फसवणूक नको. खाली, अपूर्ण उलटतपासणी पूर्ण करण्यासाठी सरकारी वकील नाझिया यांनी शुक्रवारी हजर राहावे. मी सायकलवर टांग टाकली.

त्यांच्या दारात गेलो तर आतनं पोरीचा आवाज, "अम्मी, मामा आलेत. मी नाही म्हणून सांग." तिची आई दार अर्धं उघडून म्हणाली, "ती न्हाई म्हणून सांगायलीय." मी हसलो, ती माऊलीपण हसली. पण पोरगी बाहेर येईना. आता घेणारा घेत नसला तर कोर्टाचा बेलीफ समन्स चिकटवून जातो, हे मी ऐकलेलं. पण भिंतीला नवा रंग. माझ्याच्यानं त्या भिंतीला खळ लावणं झालं नाही. समोर टेंपो उभा होता. "आमची नाझिया, वकील," त्याच्या बरोबर खाली जागा मोकळी होती. मी तिथं चिकटवलं आणि निघालो.

रफिकभाईंनी मागं बघितलंच नाही. गाठी भरल्या आणि गेले होटगीला. रेल्वेच्या फाटकापाशी गाडी थांबली तर मागं माणसं जमायला लागली. एक जण मोठ्यानं वाचतोय, बाकीचे मान हलवतायत. चहावाला येऊन म्हणाला, "रफिकभाई, वकीलबाईलाच कोर्टानं पकडलं की ओ." माणसानं तो कागद वाचला, म्हणजे त्यातलं न्यायालय, हजर आणि नाझिया एवढेच शब्द वाचले, आणि गाठी न उतरवता माघारी वळला.

शुक्रवारी सकाळी टेंपो कॉलेजच्या फाटकातनं आत. रफिकभाई उतरले ते माझ्याकडंच धावले. "मामा, पोरीनं काय केलं ओ? म्हयना झाला न्हाई कॉलेजात येऊन! जामीन लागतोय का?"

"अब्बा, उतरो मत बोली थी ना मैं," मागनं नाझिया. डोळे लाल, पण हातात जाडजूड पुस्तक. "ये नाटक है. कॉलेज का."

"नाटक कायकू रहेगा? कोर्ट का कागद है!"

"चला आत," मी म्हटलं, "आतच काय ते बोला."

वर्ग भरला. सर खुर्चीवर, मी पिंजऱ्यात, रफिकभाई शेवटच्या बाकावर, टोपी घालून, खऱ्या कोर्टात बसावं तसे. नाझिया उभी राहिली. मला वाटलं आता माफी मागणार, आणि मागितली तर मीच पिंजऱ्यातनं उतरून निघून जाणार होतो.

ती म्हणाली, "सर, मला आधी तक्रार करायचीय. हे समन्स बेकायदा आहे."

सर पुढं सरकले. "कसं काय?"

"समन्स घेणारा भेटला नाही तर राहत्या घराला चिकटवायचं असतं. दिसेल अशा जागी." तिनं पुस्तक उघडलं. खुणेसाठी त्यात बसचं तिकीट घातलेलं. "टेंपो म्हणजे घर नाही."

"साहेब," मी म्हटलं, "तिच्या बापाला इचारा. तो घरापेक्षा टेंपोतच जास्त ऱ्हातोय."

"हे बराबर हाय," रफिकभाई मागनं म्हणाले.

"अब्बा! तुम्ही कुणाच्या बाजूचे?" मग माझ्याकडं वळून, "आणि समन्स माझ्या नावाचं होतं, अब्बांच्या नाही. ते राहतात टेंपोत. मी राहते का? व्हय का न्हाय ते सांगा मामा."

"न्हाय," मी म्हटलं. पळायला जागाच नव्हती.

सर म्हणाले, "कोर्ट मान्य करतं. समन्स रद्द. सरकारी वकिलांवर हजर राहण्याचं बंधन नाही. त्यांना जायचं तर त्या जाऊ शकतात."

ती पुस्तक मिटून उभी. दार उघडंच होतं, मीच सकाळी उघडलेलं. रफिकभाई अर्धवट उठले, पोरगी जिंकली का हरली ते त्यांना कळेना.

"बंधन नसेल," ती म्हणाली, "पण माझे प्रश्न राहिलेत." आणि पिंजऱ्यापाशी आली. "मामा, पातेली गेली तेव्हा तुम्ही कुठं होता?"

"घरी."

"कोण होतं बरोबर?"

"बायको."

"तुमची बायको थंडीत वारलीय. पातेली गेली आषाढात. व्हय का न्हाय?"

सरांचा हात टेबलावर हलला. मी त्यांच्याकडं असं बघितलं की त्यांनी तो मागं घेतला.

"व्हय," मी म्हटलं.

"मग ती बरोबर होती हे सांगणारं तुमच्याशिवाय दुसरं कोण आहे?"

"कोण न्हाय."

"म्हणजे तुम्ही कोर्टाला खोटं सांगितलं."

"न्हाय," मी म्हटलं. "संगं होती."

ह्यावर काय विचारायचं ते कुठल्याच सेमिस्टरला शिकवत नाहीत. पण तिनं खाली बघितलं नाही की डोळ्याला ओढणी लावली नाही. माझ्याकडं सरळ बघून म्हणाली, "कोर्टाला हे मान्य होणार नाही, मामा."

"न्हाय व्हायचं," मी म्हटलं. "तू बरोबर हायस. लिव्हून घे."

सरांनी निकाल दिला. पातेली मीच चोरली. शिक्षा काय द्यायची म्हणून नाझियाला विचारलं, तर ती म्हणाली, आरोपीनं कोर्टाला हातोहात फसवायचा प्रयत्न केलाय, त्याला सोडू नये. सेमिस्टर संपेपर्यंत मधल्या सुट्टीत रोज पिंजऱ्यात उभं राहावं. पहिल्या सेमिस्टरचं जे पोरगं येईल ते त्याला हवं ते विचारील आणि आरोपीनं उत्तर द्यावं. टाळाटाळ केली तर पुढच्या सेमिस्टरलाही.

"हे फार होतं," सर म्हणाले. "आरोपीचं काही म्हणणं?"

रफिकभाई मागनं ओरडले, "साहब, बुढ्ढा आदमी है, थोडा कम करो!"

मी म्हटलं, कम नको.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत पहिला नंबर नाझियानंच लावला. कोट नव्हता, हातात डबा होता. विचारलं, "आज उशिरा आलात. कुठं होता? कुणाबरोबर चहा पिला?"

शिक्षा झाली की वरच्या कोर्टात अपील करता येतं म्हणे. मी केलं नाही.